गिधाडाच्या काळजावरचा चुना

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. काशीतल्या एका मेलेल्या गिधाडाचं पोट मी स्वतःच्या हाताने फाडलं होतं. आत काय झालंय ते मला दिसलं होतं आणि त्यातलं बरंचसं कळलंही होतं. नंतर चार माणसांसमोर मला सरळ विचारलं, तेव्हा मी ते सांगितलं नाही. त्या न सांगण्याने रामधनी नावाच्या माणसाचं घर उठलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी खरं तर गमतीजमती मागितल्या होत्या. पशुवैद्याच्या नोकरीत त्या असतातच. आमच्या ब्रह्मा घाटाच्या गल्ल्या अशा की समोरून सांड आला तर आपण मुकाट्याने कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. एकदा एक गाय उघड्या दारातून शिरली, जिना चढून वरच्या स्वयंपाकघरात गेली आणि पिठाचा डबा फस्त करून तिथेच रवंथ करत बसली. गाय जिना चढते, उतरत नाही. उतरताना सगळं वजन पुढच्या पायांवर येतं आणि ती बिचकते. घरच्या काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुझे आजोबा या घरात सत्यनारायण सांगायला यायचे रे विनायका, आणि तू आलास गाय ढकलायला." शेवटी तिच्या डोळ्यांवर पोतं टाकून पाठमोरी उतरवली. असल्या गोष्टी मी वर्षानुवर्षं सांगत आलो. त्या सांगत राहिलं की दुसरी सांगावी लागत नाही.

आमचं घर रामघाटाचं. चार पिढ्या पौरोहित्यात गेल्या आणि पाचव्या पिढीत मी ढोरांचा डॉक्टर निघालो. नातेवाइकांनी थट्टा केली, पण दारची गाय अडली की माझ्याकडेच माणूस धाडायचे. माझा सरकारी दवाखाना वरुणेच्या अंगाला होता. सकाळी तिथे दूधवाले आपल्या म्हशी घेऊन रांग लावत, दुपारनंतर मी सायकलवर बॅग अडकवून गल्लीबोळातले रोगी बघायचो.

नव्वदच्या दशकात आमच्या हाती दुखणं थांबवणारं एक स्वस्त इंजेक्शन आलं. डायक्लोफिनॅक. माणसांसाठी ते आधीपासून होतं, आता जनावरांसाठीही बाजारात आलं. कासेची सूज, ताप, लंगडणं, सगळ्यावर चालायचं. म्हणजे रोग बरा करायचं नाही, हे सांगितलं पाहिजे. ते फक्त वेदना आणि सूज उतरवतं. पण जनावराचं असं असतं की दुखायचं थांबलं की ते खायला लागतं, आणि खायला लागलं की मालकाच्या दृष्टीने ते बरं झालं. आज सुई टोचली की उद्या म्हैस चाऱ्याला तोंड लावायची. नंदू यादव नावाचा एक दूधवाला म्हणाला होता, "डागदर साहब, पहले आप इलाज करते थे, अब जादू करते हैं।" खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

ब्रह्मा घाटाजवळ एक छोटी वेदपाठशाळा होती. तिची गोशाळा म्हणजे अंगणाच्या कडेला बांधलेल्या पाच-सहा गाई. ती चालवणारे आपागुरुजी मला लहानपणापासून ओळखत. त्यांची कपिला नावाची म्हातारी गाय एका कार्तिकात शेवाळलेल्या फरशीवर घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. अशी गाय पुन्हा उठत नाही. एका कुशीवर पडून पडून तिची कातडी सडते, पोट फुगतं आणि ती फार हाल होऊन मरते. इतर गावांत असं जनावर कायमचं झोपवण्याची गोष्ट निदान तोंडातून काढता तरी येते. काशीत नाही. मी धीर करून एकदा बोललो. गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले.

"तुझ्या तोंडून हे?" ते म्हणाले. "रामघाटाचा ना तू?"

मग मी काशीतला प्रत्येक पशुवैद्य करायचा तेच केलं. मरेपर्यंत रोज सुई. आमच्याकडची रीतच ती. गाय मारायची नाही आणि तिला दुखूही द्यायचं नाही, मग मधे उरतं काय तर इंजेक्शन. मुलं तिला कूस बदलून द्यायची, तोंडात गंगाजळ घालायची, गुरुजी शेजारी बसून हळू आवाजात पाठ म्हणायचे. सुई लागली की कपिला मान उचलायची, एखादा घास खायची. गुरुजींचा चेहरा तेवढ्याने उजळायचा. त्यांनी विचारलं, उठेल का रे? मी म्हटलं, उठेल, गुरुजी. मला तो चेहरा पुन्हा पडलेला बघायचा नव्हता.

त्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी रामधनी भेटला आणि त्याला मी खरं ते सांगितलं. ठेला जवळ ठेव, एक-दोन दिवसांचं काम आहे. गुरुजींना एक आणि रामधनीला दुसरं. याच दोन वाक्यांत पुढचं सगळं आहे.

रामधनीकडे मेलेली जनावरं उचलण्याचा ठेका होता. तो आणि त्याची बायको फूलमती ठेल्यावर जनावर घालून वरुणेपलीकडच्या उजाड मैदानावर नेत. तिथे तो कातडं काढायचा, बाकीचं गिधाडांसाठी ठेवायचा, आणि उरलेली स्वच्छ हाडं गोळा करून विकायचा. उंच, वाकलेला, तोंडात कायम खैनी. मला दिसला की थांबून टोमणा मारल्याशिवाय जायचा नाही. "डागदर साहब, आप ज़रा कम पढ़े होते, तो हमारा मकान पक्का हो जाता।" मी त्याला 'तुम' म्हणायचो, तो मला 'आप'. माझ्याहून तो दहा वर्षांनी तरी मोठा होता.

मैदानावर मी पूर्वी गेलो होतो, तिथली गिधाडं बघायला. सेमलाच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, झाडांवर ती इतकी बसलेली असायची की फांद्या काळ्या दिसायच्या. रामधनीने कातडं काढून हात पुसले की सगळी एकदम खाली उतरायची. रेटारेटी, चोची, पंखांचा फडफडाट. आमचा चहा संपेतो तिथे सांगाडा उरलेला असायचा. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की फाशी रोगाने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेलं जनावर, ज्याला हात लावायला मी रबरी मोजे घालूनही कचरायचो, ते ती पचवून टाकत. रोग तिथेच संपायचा. गावाची सफाई आणि गावाचा दवाखाना, दोन्ही तीच. त्यांच्यापुढे मी कोण होतो.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पृथ्वीवर अनेकदा मोठे संहार झाले. हवा बिघडली, समुद्र गुदमरले, आणि बहुतेक जीवजात पुसली गेली. त्यातून वाचले ते सगळ्यांत ताकदवान होते असं नव्हे. ज्यांच्या शरीराची घडण नेमक्या त्या संकटाला पुरी पडली ते वाचले. कोणाला श्वास कमी लागत होता, कोणी काहीही खाऊ शकत होतं, कोणाला बिळात दडून उपाशी राहता येत होतं, कोणाची पिल्लं भराभर होत होती. मला तेव्हा वाटायचं, पुढच्या संहारातून गिधाड नक्की वाचेल. दुष्काळ, साथ, पूर, काहीही येवो, मरणाऱ्यांची संख्या वाढली की याचं पोट भरतं. याला मारणार कोण?

कपिला गेली. आदल्या संध्याकाळी तिने मान उचलून गूळ खाल्ला होता, ती सुईची कृपा. रामधनी त्याच संध्याकाळी दारावर येऊन विचारून गेला होता, ठेला आणू का. गुरुजींना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी गाय मेली आणि तो तिला घेऊन गेला.

दोन-तीन दिवसांनी तो दवाखान्यात आला. त्या दिवशी त्याने टोमणा मारला नाही. म्हणाला की गिधाडं आजारी आहेत, माना टाकून बसली आहेत, चलून बघा. रांगेतले दूधवाले हसले, मीही हसलो. आता पाखरांनाही सुई देऊ का, असं काहीतरी बोललो. तो उभाच राहिला. मग मी सायकल काढली.

जे पाहिलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. सेमलाखाली गिधाडं पडली होती. ज्या मैदानात मेलेली गुरं पडायची तिथे मेलेली गिधाडं. काही पंख पसरून, काही पोटावर, जणू झोपेत कलंडलेली. वर फांद्यांवर जिवंत होती त्यांच्या माना लोंबत होत्या, चोच छातीला टेकलेली. आमच्यादेखत एक वरून सुटलं आणि धप्पकन खाली आलं. उडण्याचा प्रयत्नही केला नाही. पलीकडे कुत्री त्याच हाडांवर भांडत होती. कावळे होते, घारी होत्या. सगळे ठणठणीत.

रामधनी म्हणाला की त्याच्या वडिलांच्या वेळीही असं कधी झालं नाही.

मी तिथेच एक फाडलं. छाती उघडली. काळजावर, यकृतावर, सगळीकडे पांढरा थर होता, पानाला लावायचा चुना कोणीतरी बोटाने सारवावा तसा. असं मी कोंबड्यांत पाहिलेलं होतं. पाखरं आपल्यासारखी पातळ लघवी करत नाहीत. शरीरातली घाण त्यांचं मूत्रपिंड पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकतं, भिंतीवरचे कबुतरांचे शिंतोडे आठवा. त्याने पाणी वाचतं, अंग हलकं राहतं, उडता येतं. पण मूत्रपिंडच बंद पडलं तर तो लगदा रक्तातून आतल्या आत साचतो आणि पाखरू दोन दिवसांत संपतं. कोंबड्यांचं मूत्रपिंड जाताना मी पाहिलं होतं ते खराब पाण्याने किंवा चुकीच्या औषधाने.

पोट आणि आतडी मी मुद्दाम तपासली. चामड्यासाठी गुरांना संखिया, म्हणजे सोमल, घालतात अशी कुजबुज त्या भागात नेहमी चालायची. संखिया पोटात गेला असता तर आतलं अस्तर लालभडक झालं असतं. इथे ते स्वच्छ होतं. आणि संखियाने कुत्री वाचली नसती, कावळेही नाहीत. हे विष नव्हतं. सगळ्यांना चालणारं आणि फक्त गिधाडाच्या मूत्रपिंडाला न झेपणारं काहीतरी होतं. आणि त्या मांसात चारा-पाण्याशिवाय दुसरं काय गेलं होतं हे जगात मलाच ठाऊक होतं.

खात्री नव्हती. ती कोणालाच नव्हती त्या वेळी. पण माझा संशय पक्का होता. रामधनीने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, विष दिसत नाही. औषधाचं बोललो नाही.

तोवर गल्लीत निराळंच शिजलं होतं. गिधाडं कपिलेला खाऊन मेली, म्हणजे कपिलेच्या अंगात विष होतं. चांगली सुधारत होती, गूळ खात होती, आणि एका रात्रीत गेली. आदल्या संध्याकाळी दारावर कोण आलं होतं? रामधनी. कातड्यासाठी.

पाठशाळेच्या अंगणात बैठक झाली. गुरुजी, मोहल्ल्यातले काही वडीलधारे, पोलीस चौकीचे दरोगा, भिंतीलगत विद्यार्थी. रामधनी उंबऱ्याबाहेर उभा, कारण त्याला आत येऊ देत नसत. दरोगांनी विचारलं, गाय मरायच्या आधीच कसा पोचलास? तो म्हणाला, "डागदर साहब ने ही कहा था कि ठेला तैयार रखना।"

सगळे माझ्याकडे वळले. गुरुजींनी मराठीत, अगदी हळू विचारलं, "विनायका, तू तर म्हणाला होतास, उठेल."

मी कपिलेच्या रिकाम्या खुंट्याकडे बघू लागलो. ठेल्याचं कबूल केलं असतं तर त्या म्हाताऱ्याला कळलं असतं की मी त्याला आशा लावत होतो आणि बाहेर ठेला सांगत होतो. मग पुढचा प्रश्न आला असता की सुई कसली होती. मला तेवढाच विचार सुचला. रामधनीचा सुचला नाही.

"डागदर साहब," रामधनी बाहेरून म्हणाला, "आपने तो खुद फाड़कर देखा है। बोलिए न।"

दरोगांनी विचारलं, जहर हो सकता है?

"हो सकता है," मी म्हणालो.

माझाच आवाज ऐकून मी दचकलो, हे मला स्वच्छ आठवतं. शास्त्राच्या भाषेत ते वाक्य खोटंसुद्धा नव्हतं. होऊ काहीही शकतं. रामधनी माझ्याकडे रागाने बघत नव्हता. एखाद्याला रस्ता विचारावा आणि त्याने आपल्याला विहिरीत ढकलावं, तशा चेहऱ्याने बघत होता.

त्याला चौकीवर नेलं. परत आला तेव्हा लंगडत होता. पुरावा नव्हता म्हणून सोडला, पण ठेका गेला. त्याच्या वस्तीतलेही अंतर ठेवू लागले, कारण संशय सगळ्यांवर आला होता. एका सकाळी फूलमती दवाखान्यात आली. बरोबर जनावर नव्हतं, तरी म्हशींच्या रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर म्हणाली की घरात धाकटी सूनसुद्धा सासऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघते. तिला फक्त एवढंच हवं होतं, विष होतं की नव्हतं.

मी बॅगेत काहीतरी शोधायला लागलो.

"हम आपका मुँह देखकर समझ गए," ती म्हणाली. "अब वहाँ चलकर बोल दीजिए।"

उद्या येतो म्हणालो. उद्या गेलो नाही, परवाही नाही. काही आठवड्यांनी कळलं की ती माणसं झोपडी सोडून गंगेपार गेली.

आणि मी काय केलं? इंजेक्शन थांबवलं? नाही. दूधवाले मागत होते, सगळेच देत होते, खात्री नव्हती. प्रत्येक मरणाऱ्या गाईला सुई, प्रत्येक गाय मैदानावर. मला वाटलं होतं एका झाडाची गिधाडं गेली. पण नंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला मेलेली दिसली, मग दुसऱ्या जिल्ह्यांतून बातम्या येऊ लागल्या. दशक संपता संपता मी मैदानावर गेलो तेव्हा सेमलावर एकही नव्हतं. फांद्यांचा खरा रंग मी पहिल्यांदा पाहिला. खाली मांस सडत होतं आणि कुत्र्यांच्या झुंडी होत्या. कुत्रीच कुत्री. मला सायकल वळवून पळावं लागलं. कुत्रीला एका वेळी सहा-सात पिल्लं होतात. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, आणि पिल्लू वयात यायला पाच-पाच वर्षं लागतात. इतकी हजारो वर्षं ते चालून गेलं, कारण मोठं गिधाड सहसा मरतच नसे. त्या शरीराने सगळं पचवलं होतं, सडलेलं, रोगट, विषारी. एका दयेच्या औषधाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मग नव्या शतकात कारण उघडकीला आलं. मी दवाखान्यात वर्तमानपत्र वाचत होतो. मूत्रपिंड, पांढरा थर, आणि औषधाचं नाव. मी वाचलेलं पुन्हा वाचलं. समोर कोणीतरी बकरी धरून उभा होता, तो दोनदा हाक मारत होता म्हणे. पुढे जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. सगळे म्हणाले, कोणाला कल्पना होती? मीही मान हलवली. बायकोने विचारलं, अहो, तुमचा चेहरा असा का झालाय, तर ऊन लागलं म्हणालो.

इतकी गिधाडं मी एकट्याने मारली नाहीत, हे मला समजतं. देशभरातले माझ्यासारखे हजारो, सगळे दया म्हणूनच टोचत होते. तो दोष वाटून घेता येतो. अंगणातला वाटून घेता येत नाही.

आपागुरुजी आता नव्वदीला आलेत. दिसत नाही, पण नव्या विद्यार्थ्यांना कपिलेची गोष्ट अजून सांगतात. तीत रामधनीचं नाव येतं. नंतर ती मुलं आपसात हिंदीत बोलतात, की त्या वस्तीतल्या कोणाला दाराशी उभं करायचं नाही. मी तिथे बसलेला असतो. मला चहा मिळतो.

गेल्या वर्षी चौकशी करून गंगेपार गेलो. रामधनी जिवंत आहे. मुलाच्या सायकलच्या दुकानाबाहेर बाजेवर बसला होता. मी रस्त्याच्या या बाजूला उभा राहिलो आणि परतीची नाव पकडली.

हा लेख मराठीत आहे. पुण्या-नागपुराकडे वाचला जाईल, काशीत आमच्या चार घरांत येईल. रामधनीला मराठी येत नाही, फूलमतीला कुठलंच वाचता येत नाही, आणि पाठशाळेतली मुलं दिवाळी अंक वाचत नाहीत. तेव्हा हे लिहून माझं काही फिटलं, असं कोणी समजू नये. मी देणं लागतो ते असं: गुरुजी ऐकू शकतात तोवर रामधनी आणि फूलमतीला उंबऱ्याच्या आत घेऊन जायचं, आणि साऱ्या अंगणाला कळेल अशा हिंदीत सांगायचं की गाईला कोणीही विष दिलं नव्हतं, ठेला मी सांगितला होता, औषध मी टोचलं होतं, आणि हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. ते मी अजून केलेलं नाही.